जहाजाची तारीख, विमानाची वेळ आणि मधला एक मुक्काम

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातून क्रूझला जाऊन आलेल्यांची संख्या चांगलीच वाढली आहे. कोणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करून येतात, कोणी सिंगापूरहून पेनांग-फुकेत, आणि ज्यांची मुले युरोपात आहेत ते थेट भूमध्य समुद्रात. आम्ही उभयता दोनदा जाऊन आलो, एकदा सिंगापूरहून आणि एकदा रोमहून. त्यामुळे कोजागिरी असो की गणपती, जहाजावर शाकाहारी मिळते का आणि उलट्या होतात का, हे दोन प्रश्न आम्हाला हमखास विचारले जातात. शाकाहारी भरपूर मिळते, आणि मोठ्या जहाजावर सहसा फारसा त्रास होत नाही. पण जे विचारायला हवे ते फारसे कोणी विचारत नाही: इंदूरहून त्या जहाजापर्यंत पोचायचे कसे, आणि उतरल्यावर घरी यायचे कसे? क्रूझच्या जाहिरातीत हा भाग नसतो आणि बहुतेक वेळा तिच्या किमतीतही नसतो. मात्र सहल बिघडते ती इथेच.

आपल्याला सवय रेल्वेची. अवंतिका चुकली तर दुसरी गाडी पाहू, विमान चुकले तर पैसे भरून पुढचे घेऊ. जहाजाला हा हिशोब लागू पडत नाही. आपली खोली त्या एकाच फेरीपुरती आपली असते. जहाज दुपारी ४ वाजता सुटणार असे लिहिले असेल तर चेक-इन त्याच्या तास-दीड तास आधी बंद होते, कारण प्रवाशांची अंतिम यादी बंदराच्या अधिकाऱ्यांना द्यायची असते. त्यानंतर पोचलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत. पुढच्या बंदरावर जहाज गाठायचे म्हटले तर तिथवरचा विमानखर्च आपला, त्या देशाचा व्हिसा आपल्याकडे हवा, आणि वर कंपनीची परवानगी हवी.

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचे असेच झाले. दोघेही सत्तरीच्या आसपास. लग्नाला ४५ वर्षे झाली म्हणून मुलांनी सिंगापूरची क्रूझ भेट दिली होती. डिसेंबरचे दिवस. इंदूर-दिल्ली हे एक तिकीट आणि दिल्ली-सिंगापूर हे दुसरे, वेगळ्या कंपनीचे, कारण तसे घेतल्याने काही हजार रुपये वाचत होते. सिंगापूरला पोचायचे होते जहाज सुटण्याच्या दिवशीच सकाळी. दिल्लीवर धुके पडले, इंदूरचे विमान पाच तास उशिरा निघाले, आणि पुढचे विमान गेले. दुसऱ्या कंपनीचे म्हणणे साफ होते: आमचे विमान वेळेवर सुटले, तुम्ही हजर नव्हता. नवे तिकीट काढून ते दोघे सिंगापूरला पोचले तेव्हा जहाज समुद्रात होते. तीन दिवस हॉटेलात काढून ते परत आले. मुलांना वाईट वाटू नये म्हणून दोघेही 'सिंगापूर छान पाहिले' एवढेच सांगत राहिले.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की जहाज ज्या दिवशी सुटते त्याच्या निदान एक दिवस आधी त्या शहरात पोचावे. लांबचा प्रवास असेल, युरोप वगैरे, तर दोन दिवस आधी. एका रात्रीचे हॉटेलभाडे हा वाढीव खर्च वाटतो, पण कर्जावर तारण घेतो तसे ते समजावे. शिवाय आपल्या वयाचाही प्रश्न आहे. रात्रभर विमानात बसून सकाळी थेट बंदरावर रांगेत उभे राहणे तिशीत जमते, साठीनंतर पहिले दोन दिवस नुसते झोपण्यात जातात.

आखणी नेहमी जहाजापासून मागे मागे करत यावी. समजा, जहाज सिंगापूरहून १२ तारखेला दुपारी ४ वाजता सुटणार आहे. म्हणजे ११ ला सकाळी तिथे पोचायचे. मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तासांचा प्रवास, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे विमान १० तारखेच्या रात्रीचे. त्यासाठी इंदूरहून १० तारखेला दुपारपर्यंत निघायचे. हॉटेल ११ ते १२ असे एका रात्रीचे. १२ ला अकरा-बाराच्या सुमारास हॉटेल सोडायचे, आणि तेवढ्यातच जहाजावर चढायला सुरुवात होते, त्यामुळे मधला वेळ फुकट जात नाही.

इथे तारखांचा एक घोळ नेहमी होतो. रात्री साडेअकराचे विमान १० तारखेचे असते, पण साडेबाराचे विमान तिकिटावर ११ तारखेचे दिसते आणि त्यासाठी विमानतळावर मात्र १० च्या रात्री जायचे असते. हॉटेलचे आरक्षण निघण्याच्या तारखेचे नसावे, पोचण्याच्या तारखेचे असावे. कागदावर दोन रकाने करून 'निघणे' आणि 'पोचणे', तिथल्या स्थानिक वेळेसकट, लिहून काढावे. बँकेत आम्ही नोंदी दोघांकडून तपासून घेत असू, तसे हेही घरात दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे.

इंदूरहून सिंगापूरला जाताना मुंबईत, दिल्लीत किंवा दक्षिणेतल्या एखाद्या शहरात विमान बदलावेच लागते. तेव्हा इंदूरपासून शेवटपर्यंत एकच तिकीट, म्हणजे एकाच पीएनआरवर, घ्यावे. एका तिकिटावर पहिले विमान उशिरा आले आणि पुढचे चुकले तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी कोणाचीच नाही. सामानाचाही फरक पडतो. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची मर्यादा असते, परदेशी प्रवासात त्याहून जास्त. एकाच तिकिटावर बहुधा मोठी मर्यादा इंदूरपासूनच मिळते. वेगळ्या तिकिटावर इंदूरच्या काउंटरवरच जादा वजनाचे पैसे भरावे लागतात, आणि वाचलेले हजार तिथेच संपतात.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणे टाळावे, कारण धुक्यापुढे कोणाचे चालत नाही. मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी आता एक नवी गोष्ट पाहायची: डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. उतरायचे एका विमानतळावर आणि पुढचे विमान दुसऱ्यावरून, असे स्वस्त तिकीट समोर येऊ शकते. मधल्या वाहतुकीतून बॅगा घेऊन जाण्याची हौस असेल तरच ते घ्यावे.

आता बंदराकडे येऊ. जाहिरातीत 'रोम' लिहिलेले असते, पण रोमला क्रूझचे बंदर नाही. जहाज उभे असते चिवितावेक्किया नावाच्या गावी, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. फ्युमिचिनो विमानतळावरून तिथे रेल्वेने जायचे तर मधे गाडी बदलावी लागते. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून थेट गाडी आहे, ती तास-सव्वा तास घेते, आणि गावच्या स्थानकापासून बंदराच्या आत जहाजापर्यंत पुन्हा बस. हे सगळे जमण्यासारखे आहे, पण विमानातून उतरल्यावर घाईत करण्यासारखे नाही. आम्ही रोममध्ये दोन रात्री तेर्मिनीच्या जवळ राहिलो. आसपास गोंगाट होता, खोली लहान होती, पण सकाळी बॅगा ओढत पाच मिनिटांत फलाटावर पोचलो. शहरांच्या नावांची ही गंमत इतरत्रही आहे. 'लंडन'चे जहाज पुष्कळदा साउथॅम्प्टनहून सुटते, 'पॅरिस'चे ल हाव्रला लागते, जे पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, आणि 'बँकॉक'चे लेम चाबांगला, सव्वाशे किलोमीटरवर. बार्सिलोना मात्र खरोखर बार्सिलोना आहे. विमानतळापासून बंदर टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना म्हणूनच आम्ही बार्सिलोना किंवा सिंगापूर सुचवतो.

सिंगापूर सोपे असले तरी तिथे क्रूझची दोन टर्मिनल आहेत. एक हार्बरफ्रंटला, आणि दुसरे २०१२ साली सुरू झालेले मरीना बे क्रूझ सेंटर. आपले जहाज कुठून सुटते ते आरक्षणाच्या कागदावर पाहून घ्यावे आणि टॅक्सीवाल्याला टर्मिनलचे पूर्ण नाव सांगावे. नुसते 'क्रूझ सेंटर' म्हणू नये. हॉटेल बंदराला चिकटून घेण्याची तिथे गरज नाही, शहरच लहान आहे. आपल्या लोकांना लिटल इंडिया भाग बरा पडतो: इडली-डोसा, थाळी, रात्री उशिरापर्यंत उघडी दुकाने, आणि खाली मेट्रो. तिथून हार्बरफ्रंटला मेट्रोची एकच गाडी जाते. मरीना बे क्रूझ सेंटरसाठी मरीना साउथ पियर स्थानकावर उतरावे लागते आणि मधे एकदा गाडी बदलावी लागते. दोन मोठ्या बॅगा असतील तर मेट्रोचा विचार सोडून सरळ टॅक्सी करावी.

सकाळी लवकर पोचल्यावर हॉटेलची खोली लगेच मिळेल असे धरून चालू नये. ती दुपारी दोन-तीनला मिळते. बॅगा मात्र ठेवून घेतात, तेव्हा हलके होऊन फिरून यावे. फारच थकवा येत असेल तर आदल्या रात्रीपासूनची खोली घ्यावी लागते, म्हणजे एका रात्रीचे जादा भाडे. हॉटेल घेताना दोन-चारशे रुपये जास्त पडले तरी रद्द करता येईल असे दर घ्यावेत, कारण विमानाच्या वेळा मधल्या काळात बदलतात.

पैशाबद्दल थोडे, कारण तो आमचा जुना विषय. परदेशी वापर कार्डावर आपणहून सुरू करून घ्यावा लागतो, तो घरी असतानाच ॲपमधून करावा. हॉटेलवाले येताना कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिले तर तेवढे आपलेच पैसे खात्यात काही दिवस अडकून राहतात, म्हणून तिथे क्रेडिट कार्ड द्यावे. यंत्रावर 'रुपयांत भरायचे की स्थानिक चलनात' असे विचारले तर स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीने लावतात. एजंटकडून विमान-हॉटेल मिळून परदेशी पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस कापला जातो. त्याचे दर बदलत असतात, पण तो खर्च नाही. तुमच्या पॅनवर तो जमा असतो, २६एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्रात मागता येतो. निवृत्तिवेतनावर कर बसत नसलेले कितीतरी जण ती रक्कम तशीच सोडून देतात.

व्हिसाचा एक मुद्दा क्रूझपुरता खास आहे. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून जहाज पुन्हा सिंगापूरला येते. म्हणजे सिंगापुरात आपण दोनदा प्रवेश करतो, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर परतताना अडचण. सिंगापूरचे ऑनलाइन आगमन कार्डही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते, आणि परतीला जहाजातून उतरताना ते पुन्हा लागते. युरोपात इटली-तुर्कस्तान-ग्रीस अशी फेरी असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा, कारण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. विमान, जहाज, व्हिसा आणि विमा, चारही ठिकाणी नाव पासपोर्टात आहे तसेच हवे. आपल्याकडे बायकांच्या नावाची माहेर-सासर अशी दोन रूपे कागदोपत्री फिरत असतात, तिथे विशेष पाहावे. विमा घेताना रक्तदाब-मधुमेह लपवू नये, आणि 'प्रवासाला उशीर' व 'पुढचे वाहन चुकणे' या गोष्टी त्यात आहेत का, ते वाचावे.

बंदरावर मोठी बॅग ताब्यात देतो ती खोलीवर कधीकधी संध्याकाळी येते. औषधे, पासपोर्ट, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझला यातले बरेच लागू नाही. व्हिसा नाही, आणि टर्मिनल बॅलार्ड पियरला, फोर्टात. अवंतिकाने पहाटे मुंबई सेंट्रलला उतरून त्याच दिवशी चढणारे आहेत. आम्ही तरीही आदल्या दिवशीच जावे म्हणू, आणि दादर-डोंबिवलीला आपले कोणी ना कोणी असतेच, त्यामुळे हॉटेलचा प्रश्नही सहसा येत नाही.

परतीचे विमान. जहाज सकाळी सहा-सातला बंदरात लागते म्हणून दहाचे विमान घेणारे भेटतात. जहाजावर तीन-चार हजार माणसे असतात, ती बॅगेवरच्या चिठ्ठीच्या क्रमांकाप्रमाणे गटागटाने उतरतात, मग बॅग शोधा, इमिग्रेशन, टॅक्सीची रांग. सिंगापुरात दुपारी दोनच्या आधीचे विमान घेऊ नये, रोमला तीन-चारच्या आधीचे नको. सर्वांत बरे रात्रीचे, दिवसभर बॅगा हॉटेलात किंवा विमानतळावर ठेवून फिरता येते. मुंबईत उतरल्यावर, तिकीट इंदूरपर्यंतचे असले तरी, सहसा बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर पडावे लागते आणि पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून मधे निदान तीन तास हवेत. येताना कोणी ड्यूटी-फ्रीची बाटली आणत असेल, आणि मंडळात असे कोणी नाही असे आम्ही म्हणणार नाही, तर ती याच वेळी मोठ्या बॅगेत घालावी. हातातल्या पिशवीत ठेवली तर इंदूरच्या विमानात चढण्यापूर्वी ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते.