हवेचे तापमान व उष्णता संक्रमण

हवेचे रेणू सतत गतिमान असतात. या गतीमुळे त्यांच्या ठिकाणी असलेल्या सरासरी ऊर्जेचे मान म्हणजे हवेचे तापमान होय. तापमानांतील फरकामुळे एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ऊर्जेस उष्णता म्हणतात. व्यवहारात या दोन संज्ञांची गल्लत होते. पेलाभर उकळत्या पाण्याचे तापमान हौदातील कोमट पाण्याहून अधिक असते. तथापि निवताना हौदातील पाणी कितीतरी अधिक उष्णता बाहेर टाकते.

हवा तापण्याची क्रिया : सूर्यकिरणांनी हवा प्रत्यक्षपणे थोडीच तापते, ती मुख्यतः जमिनीमुळे तापते. यवतमाळ जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण आढळते. कापसाचे पीक निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत सौर प्रारण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. तीत ओल नसल्याने ही ऊर्जा बाष्पीभवनात खर्च होत नाही. शिवाय कोरड्या मातीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सु. एक-पंचमांशच असल्याने पृष्ठभाग झपाट्याने तापतो. त्याला लागून असलेल्या हवेस कणाकडून कणाकडे, म्हणजे संवहनाने, उष्णता मिळते. ही हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा थंड हवा घेते. यास अभिसरण म्हणतात. जमिनीतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणाचा काही भागही हवेतील जलबाष्प शोषते. मध्यान्हानंतरही काही काळ जमिनीस व्ययापेक्षा अधिक ऊर्जा मिळत राहते. त्यामुळे कमाल तापमान सामान्यतः दुपारी २ ते ४ च्या दरम्यान आढळते. उंचीनुसार तापमान दर किमी.ला सरासरीने सु. ६·५° से. घटते, म्हणून सु. ४५० मी. उंचीवरील यवतमाळ शहरापेक्षा वर्धा व पैनगंगा नद्यांच्या सखल खोऱ्यांत उन्हाळा सामान्यतः अधिक तीव्र असतो.

मापन : तापमापक पांढऱ्या, झरोके असलेल्या लाकडी पेटीत जमिनीपासून सु. १·२५ ते २ मी. उंचीवर ठेवतात. त्यामुळे प्रसिद्ध होणारे तापमान सावलीतील हवेचे असते. उघड्या शेतात राबणाऱ्या माणसास त्याखेरीज सूर्याचे व तापलेल्या जमिनीचे प्रारण सोसावे लागते.

मानवी शरीर : त्वचेचे तापमान सु. ३५° से. असते. हवा व जमीन याहून अधिक तापली की, संवहन, अभिसरण व प्रारण या तिन्ही मार्गांनी उष्णता शरीराबाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. मग घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. १ ग्रॅ. घामाच्या बाष्पीभवनास सु. ५८० कॅलरी उष्णता लागते व ती मुख्यतः त्वचेतून घेतली जाते. मे महिन्यातील कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो. त्यामुळे तो दिसत नाही आणि शरीरातील पाणी किती घटले, हे लक्षात येत नाही. वाळ्याचे पडदे व कूलर याच तत्त्वावर हवा थंड करतात. जूनच्या प्रारंभी आर्द्रता वाढते, तेव्हा तापमान काही अंशांनी उतरले, तरी कूलर निष्प्रभ ठरतो व घाम न वाळता निथळतो. म्हणून धोक्याचा अंदाज केवळ तापमानावरून बांधणे योग्य नाही.

शरीराचे तापमान ४०° से. वर जाऊन शुद्ध हरपू लागणे, हे उष्माघाताचे लक्षण होय. अशा वेळी रुग्णास सावलीत नेऊन, अंगावर पाणी शिंपडून वारा घालतात व तातडीने रुग्णालयात हलवितात. सावलीमुळे सूर्याचे प्रारण अडते, पाणी बाष्पीभवनास उपयोगी पडते आणि वाऱ्याने ते बाष्पीभवन त्वरेने होते.