टीव्हीवर मुंबई, तडाखा श्रीवर्धनला : चक्रीवादळाचा नकाशा कसा वाचायचा?

मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. समुद्रात वादळ तयार झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशे फिरू लागतात. त्यात एक रेषा असते. ती आपल्या गावावरून जात नसेल तर "आपल्याकडे काय नाय" म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत किती महागात पडते ते 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणाने पाहिलं.

रेषा नव्हे, पट्टा बघा

निसर्ग येण्याआधी हवामान खात्याने सांगितलं होतं की वादळ हरिहरेश्वर ते दमण या टापूत, अलिबागच्या जवळपास किनारा ओलांडेल. हा टापू अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. सगळं लक्ष मुंबईकडे होतं. प्रत्यक्षात 3 जूनला दुपारी वादळ घुसलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने, म्हणजे सांगितलेल्या टापूच्या दक्षिण टोकाजवळ. अंदाज चुकला नव्हता, आपली वाचायची पद्धत चुकली होती.

नकाशातली रेषा म्हणजे वादळाचा मधला बिंदू ज्या वाटेने जाण्याची शक्यता जास्त ती वाट. तिच्या दोन्ही बाजूंना रुंद होत जाणारा पट्टा दिसतो. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतं. शिवाय वारा-पाऊस केंद्रापासून लांबवर पसरलेला असतो. त्यामुळे गाव पट्ट्यात किंवा पट्ट्याच्या कडेला असेल तर तयारी करायचीच.

दक्षिणेकडच्या गावांना जास्त मार का?

आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. फिरता फिरता ती पुढेही सरकतात. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतो. डाव्या हाताला तो वजा होतो.

निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, म्हणजे उजवी बाजू दक्षिणेकडची. म्हणूनच श्रीवर्धन, म्हसळ्यासोबत रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड, दापोलीलाही जबर फटका बसला. याच बाजूला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी आत ढकलतो. त्याच वेळी उधाणाची भरती असेल तर खाडीकाठच्या घरांत पाणी शिरतं. निसर्गनंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा होती, हे लक्षात घ्या.

वाऱ्याचा आकडा काय सांगतो?

ताशी 62 किलोमीटरला वादळाला 'चक्रीवादळ' म्हणतात. 89 च्या पुढे 'तीव्र', 118 च्या पुढे 'अतितीव्र'. निसर्ग 'तीव्र' गटातलं होतं. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून ताशी 60 किलोमीटरला नुसते वाजणारे पत्रे ताशी 120 ला उडून जातात. सुपारीची उंच, सडपातळ झाडं तर काडीसारखी मोडली. नवी सुपारी-नारळाची वाडी उत्पन्नाला यायला पाच ते सात वर्षं लागतात. वारा काही तासांचा होता, पण बागायतदाराची कमाई कित्येक वर्षांची गेली.

किनारा ओलांडला म्हणजे संपलं नाही

कधी कधी जोराचा वारा अचानक थांबतो, आभाळही थोडं उघडतं. लोक बाहेर पडतात. पण तो वादळाचा 'डोळा' असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तेवढ्याच जोरात सुटतो आणि आधी खिळखिळं झालेलं झाड, भिंत तेव्हा कोसळते. प्रशासनाने सांगेपर्यंत बाहेर पडू नका.

घाटावरच्यांनीही निर्धास्त राहू नये. निसर्ग कोकणातून पुढे सरकलं तेव्हा पुणे जिल्ह्यात मावळ, खेड, जुन्नर भागात घरांचे पत्रे आणि पॉलिहाऊस उडाले. किनाऱ्याला न धडकणारं वादळही घातक असतं. मे 2021 मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातेत धडकलं. तरीही जाता जाता कोकणात घरं आणि आंबा बागांचं मोठं नुकसान झालं आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडून 70 हून जास्त माणसं गेली.

फोनवर सगळा भरवसा नको

निसर्गमध्ये विजेचे खांब पडले, मोबाईल टॉवर बंद झाले. अनेक गावांचा संपर्क काही दिवस तुटला, वीज यायला कुठे कुठे आठवडे लागले. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हातातला फोन मुका होतो. म्हणून फोन चालू आहे तोवरच ही कामं उरका :

- कच्च्या घरातल्यांनी कुठे जायचं (शाळा, समाजमंदिर, शेजारचं पक्कं घर) ते आदल्या दिवशीच ठरवा. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं यांना उजेडात हलवा.
- सातबारा, आधार, पासबुक, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत ठेवा.
- घर, गोठा, बाग, होडी यांचे फोटो आधीच काढा. पंचनाम्याच्या वेळी आधी-नंतरचे फोटो उपयोगी पडतात.
- पिण्याचं पाणी, सुका खाऊ, रोजची औषधं, बॅटरी आणि सेलवर चालणारा रेडिओ तयार ठेवा.
- गुरांची दावी सोडा. पडक्या गोठ्यात बांधलेलं जनावर जीव वाचवू शकत नाही.
- बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी समुद्रात नेऊ नका. आकडा जसा वाढेल तसा धोका मोठा.
- वारा थांबल्यावर पडलेल्या तारेला हात लावू नका, ती मेलेली आहे असं कधीच धरू नका.

मदतीसाठी 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दल 1554. हे नंबर फोनमध्ये आहेतच, पण भिंतीवरही लिहून ठेवा.

हवामान खातं साधारण तीन दिवस आधीपासून सावध करायला लागतं. पुढच्या वेळी नकाशा आला की रेषा कुठून जाते हे बघून फोन खिशात टाकू नका. पट्टा कुठपर्यंत आहे, वादळाचं तोंड कुठे आहे आणि आपलं गाव त्याच्या कुठल्या हाताला येतं, या तीन गोष्टी बघा. आणि शेजारच्या आजी-आजोबांकडे स्मार्टफोन नसेल तर त्यांना जाऊन सांगा.