लहान टीमची डिझाइन सिस्टिम: थोडी, पण स्वतःची

एखाद्या अ‍ॅपमध्ये एका स्क्रीनवर ‘जतन करा’ असे निळे बटण उजवीकडे असते, पुढच्या स्क्रीनवर तेच काम करणारे ‘सेव्ह’ हे हिरवे बटण डावीकडे असते. तारीख एके ठिकाणी कॅलेंडरमधून निवडायची, तर दुसरीकडे टाइप करायची. वापरणारा दर वेळी अडखळतो आणि बहुतेकदा दोष स्वतःकडेच घेतो. खरे तर त्या टीममधल्या प्रत्येकाने तोच निर्णय आपापल्या परीने नव्याने घेतलेला असतो. असे निर्णय एकदाच, विचार करून घ्यायचे, लिहून ठेवायचे आणि थेट कोडमध्ये उतरवायचे, या व्यवस्थेला डिझाइन सिस्टिम म्हणतात. ती फक्त मोठ्या कंपन्यांना परवडते, असा समज आहे. माझ्या मते तिची गरज लहान टीमला अधिक असते. मात्र तिचा आकार टीमच्या कामाएवढाच असावा.

हा समज मोठ्या नावांमुळे पक्का झाला. मासिमो विन्येली आणि बॉब नूर्डा यांनी 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांसाठी नियमपुस्तिका तयार केली. गूगलने 2014 मध्ये ‘मटेरियल डिझाइन’ जाहीर केले. पण 2011 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘बूटस्ट्रॅप’ची सुरुवात पाहा. मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ते ट्विटरमधल्या अंतर्गत साधनांत एकसारखेपणा यावा म्हणून हाती घेतले होते. हातातल्या कामातली अडचण सोडवताना ते उभे राहिले, आणि लहान टीमने गिरवावा असा धडा हाच आहे.

म्हणून सुरुवात नव्या चित्रांपासून करू नये. आपल्या अ‍ॅपमधल्या सगळ्या स्क्रीनचे फोटो शेजारी-शेजारी मांडावेत आणि किती प्रकारची बटणे, किती छटा, किती आकारांची अक्षरे आहेत ते पाहावे. मग रंग, अक्षरांचे आकार आणि मोकळ्या जागा यांना नावे द्यावीत. या नावांना ‘डिझाइन टोकन’ म्हणतात. ‘मुख्य कृतीचा रंग’ असे नाव कोडमध्ये सगळीकडे वापरले की उद्या तो रंग एका ओळीत बदलता येतो. त्यानंतर बटण, मजकुराची चौकट, चूक दाखवणारा संदेश, यादी असे वारंवार लागणारे मोजके घटक तयार करावेत. ब्रिटिश सरकारच्या 2018 मधल्या डिझाइन सिस्टिममध्ये नवा घटक घेण्यापूर्वी तो अनेक सेवांना उपयोगी पडेल का, हे तपासतात. जन्मतारखेसाठी तिथे दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या चौकटी सुचवल्या आहेत, कारण पाठ असलेली तारीख कॅलेंडरमध्ये शोधत बसण्यापेक्षा टाइप करणे सोपे असते. घटकासोबत त्यामागचे असे कारणही लिहून ठेवले, तर टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाला तोच वाद पुन्हा घालावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की तयार घटक फुकट मिळत असताना स्वतःची सिस्टिम कशाला? पाया तयार घ्यावाच, कीबोर्डने चालणारा मेनू शून्यापासून लिहिण्यात शहाणपण नाही. पण आपल्या वापरकर्त्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे आणि त्याच्या लिपीत मजकूर कसा दिसावा, हे तो पाया ठरवत नाही. मराठी अ‍ॅपचे उदाहरण घ्या. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळी एकमेकींना भिडतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवले नाही, तर काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. रक्कम 1,00,000 अशी दिसायला हवी. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान 4.5:1 असावे, असे वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. हे सगळे मूळ घटकात एकदा नीट केले की तो घटक वापरणाऱ्या प्रत्येक स्क्रीनला लाभ होतो, आणि नजर कमजोर असलेल्या माणसाची सोय कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो रास्त आहे. आधी सगळे काम थांबवून शंभर घटकांचे भांडार उभारणारी टीम ते सांभाळू शकत नाही, आणि कोड पुढे गेला की नियम मागे पडतात. उपाय एवढाच की एखादी गोष्ट तिसऱ्यांदा लागली तरच तिचा घटक करावा, तो रोजच्या कामातच घडवावा, एका व्यक्तीवर त्याची जबाबदारी ठेवावी आणि न वापरलेले घटक काढून टाकावेत. डिझाइन सिस्टिममुळे कल्पकता मारली जाते, हे म्हणणे मात्र टिकत नाही. बटणाच्या कडांवर चर्चा करण्यात जाणारा वेळ वाचला, तर तो वापरणाऱ्याची खरी अडचण समजून घ्यायला मिळतो. अपवादही करता यावा. फक्त त्याचे कारण लिहून ठेवावे.

लहान टीममधला एक माणूस सोडून गेला, तरी बरेचसे ज्ञान त्याच्यासोबत निघून जाते. ते कोडमध्ये आणि साध्या भाषेतल्या नोंदींत उतरवून ठेवणे, हा डिझाइन सिस्टिमचा सर्वांत मोठा फायदा आहे. त्यासाठी वेगळा विभाग किंवा मोठा निधी लागत नाही. पुढची नवी स्क्रीन हाती घेण्यापूर्वी आपली सगळी बटणे एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहा आणि त्यांतले एक कायमचे ठरवून टाका.