न दिसणारी जखम



युद्धावरील बोलपटात तोफा धडधडतात, निशाण फडकते, आणि नायक गावी परतला की पडद्यावर ‘समाप्त’ येते. पण शिपाई घरी आला म्हणजे त्याची लढाई संपली, हे कोणी ठरविले? रात्री दचकून उठणे, फटाका वाजताच अंग चोरणे, घरच्या माणसांतही परक्यासारखे बसणे, या दुखण्याला आज आघातोत्तर मानसिक ताण म्हणतात. बोलपट ते कसे दाखवितात, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. २०२४ चा ‘चंदू चॅम्पियन’ सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावर आधारलेला आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. तरी १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. हा पराक्रम मोठाच. परंतु पेटकर एखादाच. ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही आणि ज्याच्या हाती पदकही नाही, त्याची कथा कोण सांगणार?

ती एका जुन्या अमेरिकन बोलपटाने सांगितली आहे. विल्यम वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ मध्ये (१९४६) तिघे सैनिक एकाच गावी परततात. एकाचे दोन्ही हात गेलेले आहेत. ही भूमिका खरोखरच हात गमावलेल्या हॅरल्ड रसेलने केली. त्याचे दुःख सर्वांना दिसते. दुसरा, फ्रेड, विमानातून बॉम्ब टाकणारा. अंगाने धडधाकट, पण झोपेत ओरडून उठतो. नोकरीही टिकत नाही. शेवटी मोडीत निघालेल्या एका विमानात तो जाऊन बसतो, तेव्हा सारे युद्ध पुन्हा त्याच्या अंगावर येते. काम त्याला तेथेच मिळते: त्या विमानांच्या पत्र्यापासून घरांचे सामान करण्याचे. औषधाइतकीच कामाचीही गरज असते, हे वायलरने ओळखले होते.

त्याच वर्षी जॉन ह्यूस्टनने अमेरिकन लष्करासाठी अशाच सैनिकांवर अनुबोधपट काढला. रुग्णांच्या खाजगीपणाचे कारण देऊन लष्कराने तो सुमारे ३५ वर्षे लोकांना दाखवू दिला नाही. पुढे व्हिएतनामहून परतलेल्यांनी चळवळ केली, तेव्हा कोठे १९८० साली या रोगाला आजचे अधिकृत नाव मिळाले.

मी कामगार चळवळीतला माणूस. नावाची किंमत जाणतो. धानाच्या गिरणीत बोटे तुटली तर भरपाईचा अर्ज लिहिता येतो. सोबती पट्ट्यात ओढला जाताना पाहून ज्याची झोप उडाली, त्याच्यासाठी अर्जात रकाना सापडत नाही. मग लोक म्हणतात, ‘कामचुकार आहे, दारुडा झाला.’ सैनिकाचेही तेच होते, आणि नक्षलविरोधी मोहिमेवरून परतणाऱ्या आपल्याकडील पोलिसाचेही.

२०२२ साली सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली; तिचा क्रमांक १४४१६. २०२३ साली सैनिकांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. परंतु फोन करण्यापूर्वी घरच्यांना दुखणे ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखावयास चांगला बोलपट शिकवू शकतो.

म्हणून गल्लीत जवान परतला म्हणजे हार अवश्य घालावा. पण महिन्याभराने पुन्हा त्याच्या घरी जावे, आणि झोप लागते का, काम मिळाले का, हे आपुलकीने विचारावे.