सुदाम्याचे पोहे वाटणारा वकील

'बहु असोत सुंदर संपन्न की महा' हे गीत तुम्ही शाळेत उभे राहून गायिले असेल. परंतु ते रचणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मराठी विनोदाचे आद्य आचार्य होते, हे मात्र तुम्हांस क्वचितच कोणी सांगितले असेल.

१८७१ साली नागपुरास जन्मलेल्या या गृहस्थाने पुण्यास डेक्कन कॉलेजात विद्यार्जन केले आणि पुढे वऱ्हाडात, जळगाव जामोद येथे, वकिली केली. अशील, मुखत्यार, कज्जे-खटले यांच्या त्या धबडग्यात माणसाच्या लबाडीचे आणि भाबडेपणाचे जे दर्शन त्यांस नित्य घडत असेल, ते त्यांच्या लेखणीस उपकारकच ठरले असावे, असे मला वाटते. कारण १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात आलेल्या त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचे नावच 'साक्षीदार' होते!

पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या काल्पनिक त्रिकुटाच्या द्वारे त्यांनी रूढी, व्रतवैकल्ये आणि सामाजिक दंभ यांची जी यथेच्छ थट्टा केली, ती 'सुदाम्याचे पोहे' या ग्रंथात संगृहीत आहे. त्यांनी नाटके लिहिली, ज्योतिर्गणितातही परिश्रम केले. पण नाटके आज मागे पडली, पोहे तेवढे टिकले. राम गणेश गडकऱ्यांनी त्यांस गुरू मानले आणि 'बाळकराम' या टोपणनावाने तीच विनोदाची परंपरा चालविली.

१९३४ साली कोल्हटकर निवर्तले. त्यांची भाषा प्रथम जड वाटेल. तरी एखादा लेख वडील माणसाजवळ बसून मोठ्याने वाचाच.