धबधब्याआधी कातळ

धबधबा रंगवायला बसलेला नवखा चित्रकार बहुधा पहिल्यांदा पांढऱ्याची नळी पिळतो, आणि चित्र तिथेच फसतं. चिपळूणजवळ परशुराम घाटातला सवतसडा घ्या किंवा देवरुखकडून मार्लेश्वरला गेल्यावर दिसणारा धारेश्वर. पाणी उजळ दिसतं ते मागच्या भिजलेल्या कातळामुळे. सह्याद्रीचा बेसाल्ट कोरडा असताना करडा असतो, ओला झाला की जवळजवळ काळा. पाणी स्वतः मात्र क्वचितच पांढरं असतं. कड्याच्या ओठावर ते आभाळाचा उजेड घेतं, कपारीच्या सावलीत हिरवट राखाडी होतं, मोठ्या सरीनंतर मातीनं गढूळ तांबूस. म्हणून तैलरंगात धबधबा रंगवायचा तर आधी कातळ रंगवावा लागतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पायऱ्या, कपारी, पुढे आलेले खडक मांडून घ्यायचे. पाणी कुठे आपटणार, कुठे फुटणार हे त्यांनीच ठरवलेलं असतं. मग भरलेला फ्लॅट ब्रश कड्यावर टेकवून एका दमात खाली ओढायचा. वर रंग जाड बसतो, खाली येता येता संपत जातो आणि कॅनव्हासच्या दाण्यांतून मागचा काळा डोकावू लागतो. धार विरून तुषार होतात तेही असंच. त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवला, की पांढरा खालचा ओला अंबर उचलतो आणि पाण्याचा चिखल होतो.

याला कुणी फटकाऱ्यांचा आळस म्हणेल. पण बारकाईनं रंगवलेला थेंब न् थेंब तरी खरा कुठे असतो? कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात पाणी काचेसारखं गोठवतो, पूर्ण सेकंद उघडा ठेवला तर त्याचं रेशीम करतो. डोळ्याला दोन्ही दिसत नाहीत. डोळ्याला वेग आणि वजन जाणवतं, आणि हाताचा वेग ब्रशच्या खुणेत उरतो. फ्रेंच चित्रकार कुर्बे यांनी १८६९च्या सुमारास एत्रेताच्या किनाऱ्यावरच्या लाटा पॅलेट नाइफनं थापल्या, त्या आजही अंगावर येतात. अर्थात कातळाची मांडणी चुकली असेल तर असा जोरकस फटकारा नुसता देखावा ठरतो, हे मान्यच.

जलरंगवाल्यांचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांसारख्यांनी जलरंगाला मोठी प्रतिष्ठा दिली. कागदाचा कोरा पांढरा राखून पाणी दाखवणं ही त्यातली खरी कसोटी. पण रत्नागिरी जिल्ह्यातले बरेचसे धबधबे भर पावसाळ्यातच पाहण्यासारखे असतात, आणि त्या हवेत कागद लवकर वाळत नाही; एक सर आली की रंग ओघळतो. तैलरंगावरचा थेंब टिपून घेता येतो. शिवाय इथे उजेड शेवटी, गडदावर चढवता येतो, म्हणजे निसर्गात पाणी कातळावरून येतं त्याच क्रमानं. किंमत मोजावी लागते ती नंतर. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि दमट, अंधाऱ्या दिवसांत ते रेंगाळतं. जाड पांढऱ्याला वरून साय धरली तरी आत तो कित्येक आठवडे मऊ राहतो. त्यात झिंक व्हाइट पुढे ठिसूळ होतो, तेव्हा जाड थरांसाठी टायटॅनियमच बरा. आणि असं चित्र माळ्यावर तोंड भिंतीकडे करून ठेवू नये: अंधारात तेल पिवळं पडतं. पडलंच, तर आश्विनात खिडकीजवळच्या उजेडात ठेवल्यावर बराचसा पांढरा परत येतो.