'मे', 'मस्ट' आणि आपले 'पाहिजे'

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या खामगावच्याच एका तरुणास नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले. पत्र इंग्रजीत होते आणि त्यात एक वाक्य असे होते की, 'द कँडिडेट मे ब्रिंग द ओरिजिनल सर्टिफिकेट्स'. 'मे' म्हणजे परवानगी किंवा संभव, असे त्याने शाळेत पाठ केलेले. तेव्हा मूळ प्रमाणपत्रे आणण्यास मोकळीक आहे, सक्ती नाही, असा त्याने सरळ अर्थ लावला आणि नकला घेऊन गेला. कचेरीतल्या मंडळींच्या मनात मात्र 'उमेदवाराने मूळ प्रमाणपत्रे आणावीत' हे मराठी वाक्य होते. तरुण मुलाखत न देताच परत आला. चूक कोणाची, असे त्याने आम्हांस विचारले. इंग्रजी व्याकरण त्याच्या बाजूचे होते आणि आपल्याकडील कचेऱ्यांचा रिवाज त्यांच्या बाजूचा. आपल्या देशातील कारकुनी इंग्रजीत 'मे' हा शब्द आपल्या 'करावे', 'द्यावे', 'कळावे' यांचा पोशाख चढवून बसला आहे. 'यू मे प्लीज नोट' असे कोणी लिहिले, की त्याचा अर्थ 'आपण नोंद घ्यावी' असाच घ्यायचा. इंग्लंडातला मनुष्य हे वाचून क्षणभर बुचकळ्यात पडेल.

या एका शब्दापायी एक नोकरी गेली, म्हणून हा विषय घ्यावासा वाटला. 'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'शॅल', 'शुड', 'विल', 'वुड', 'मस्ट' ही इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे दिसायला क्षुल्लक. शब्दकोशात पाहिले तर अर्थही सोपे. अडचण येते ती ती दुसऱ्या क्रियापदाशी, नकाराशी आणि क्रियाविशेषणाशी जुळतात तेव्हा.

प्रथम त्यांचा स्वभाव पाहू. 'ही गोज' असे म्हणताना क्रियापदास 'स' लागतो, पण 'ही कॅन' यास लागत नाही. का? 'कॅन', 'मे', 'शॅल' ही रूपे फार प्राचीन काळी भूतकाळाची होती. पुढे त्यांना वर्तमानाचा अर्थ आला, रूप मात्र जुनेच राहिले. 'कॅन'चा मूळ अर्थ 'जाणणे', आणि संस्कृतातील 'ज्ञा' धातूशी त्याचे नाते आहे. 'विल' म्हणजे इच्छिणे. त्याचा संबंध आपल्या 'वृ', निवडणे, या धातूशी पोहोचतो. 'शॅल' म्हणजे देणे लागणे, ऋणी असणे. आपला 'पाहिजे' तरी काय? तो 'पाहणे' या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे, आणि 'लागणे' म्हणजे मुळात चिकटणे. दोन्हीकडे रोजच्या व्यवहारातले शब्द झिजून झिजून व्याकरणाचे झाले आहेत.

परंतु इंग्रजी शब्द आपल्यापेक्षा अधिक झिजले. त्यांना आता स्वतःचा धातू उरलेला नाही, म्हणून दोन साहाय्यके एकावर एक ठेवता येत नाहीत. मराठीत 'शकेल' म्हणता येते, 'जावे लागू शकेल' असे तीन मजलेही चढवता येतात. आपला विद्यार्थी मग 'आय विल कॅन गो' लिहितो. तेथे 'कॅन' काढून 'बी एबल टू' घालावे लागते. 'विल हॅव टू गो' चालते, 'विल मस्ट गो' चालत नाही.

आता 'कॅन' पाहा. आम्ही शाळेत 'कॅन म्हणजे शकणे' असे शिकलो आणि पुष्कळ वर्षे त्यावर भागवले. पण मराठी माणूस 'मला पोहता येते' आणि 'मी पोहू शकतो' यांत भेद करतो. पहिल्यात शिकलेली विद्या आहे. दुसऱ्यात आजची स्थिती, म्हणजे अंगात ताप नाही, नदीला पूर नाही. इंग्रजी दोन्हीसाठी 'आय कॅन स्विम' म्हणून मोकळी होते. इथे आपली भाषा अधिक बारीक विणीची आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

सक्तीच्या बाबतीत तर आपले वैभव मोठे आहे. 'मी जावे', 'मला जायला हवे', 'मला जावे लागते', 'मला जाणे भाग आहे', आणि आपल्या वऱ्हाडीत 'मले जाचं हाय', 'मले जा लागते'. जलंबला गाडी बदलावी लागते, ही परिस्थितीची सक्ती. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला तेव्हापासूनची. तेथे 'पाहिजे' म्हटले तर ते उपदेशासारखे वाटेल. इंग्रजीत पहिल्यास 'हॅव टू' आणि दुसऱ्यास 'मस्ट' किंवा 'शुड' म्हणावे, हे ढोबळ मानाने बरोबर आहे.

खरी फजिती भूतकाळात होते. 'मला काल अकोल्यास जावे लागले' म्हणजे मी गेलो. 'मला काल अकोल्यास जायला पाहिजे होते' म्हणजे मी गेलो नाही. इंग्रजीत पहिले 'आय हॅड टू गो' आणि दुसरे 'आय शुड हॅव गॉन'. 'मस्ट'ला सक्तीच्या अर्थी भूतकाळच नाही. विद्यार्थी मात्र नियमाप्रमाणे पुढे 'हॅव' जोडतो आणि 'आय मस्ट हॅव गॉन टू अकोला यस्टरडे' असे लिहितो. वाचणाऱ्यास वाटते, या गृहस्थास कालचे काही आठवत नाही आणि आपण अकोल्यास गेलो असू, असा तो तर्क करीत आहे! 'हॅव' लागले की 'मस्ट' तर्क सांगतो आणि 'शुड', 'कुड' यांच्यामागे ते बहुधा न घडलेली गोष्ट सांगते.

एकच शब्द सक्ती आणि तर्क दोन्ही कसा सांगतो, याचे आपल्या विद्यार्थ्यांस नवल वाटते. नवल वाटू नये, कारण आपला विध्यर्थ नेमके हेच करतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ साली निघाला. तेव्हापासून 'वा' लागलेल्या या रूपाचे नाना अर्थ आपले वैयाकरण सांगत आले आहेत. 'मुलाने दिवेलागणीस घरी असावे' ही आज्ञा. 'मुलगा आता घरी असावा' हा तर्क. फरक कशाने कळतो? पहिल्यात कर्त्यास 'ने' लागला आणि क्रियापद नपुंसकलिंगी झाले. दुसऱ्यात कर्ता प्रथमेत राहिला आणि क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालले. म्हणून मराठी कान फसत नाही. इंग्रजीला विभक्तीची ही सोय नाही. 'ही मस्ट बी अ‍ॅट होम' हे वाक्य सुटे ऐकले तर त्याने घरी राहायला हवे की तो घरी असणार, हे इंग्रजासही मागच्यापुढच्या वाक्यांवरूनच ठरवावे लागते. ही तुलना वर्गात फळ्यावर एकदा मांडली, की मुलांची निम्मी भीती जाते, असा आमचा अनुभव आहे.

नकारात आणखी एक खड्डा आहे. 'मस्ट'च्या उलट 'मस्ट नॉट' नव्हे. 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे 'तू जाता कामा नये'. 'जाण्याची गरज नाही' असे म्हणायचे तर 'नीड नॉट'. नकार पहिल्यात जाण्यावर पडतो, दुसऱ्यात गरजेवर. औषधाच्या किंवा फवारणीच्या डब्यावर ही दोन वाक्ये आलटून पालटून वाचली, तर काय होईल ते सांगायला नको. 'ही मे नॉट कम' हे तर दुहेरी आहे: तो कदाचित येणार नाही, किंवा त्याला येण्याची मुभा नाही.

आता क्रियाविशेषणे. 'नेव्हर', 'ऑल्वेज', 'प्रॉबेब्ली' यांची इंग्रजीतील नेहमीची जागा पहिल्या साहाय्यकाच्या लगेच मागे: 'ही विल प्रॉबेब्ली हॅव रीच्ड'. रीत सांगणारी क्रियाविशेषणे बहुधा शेवटी जातात. आपण 'पत्र काळजीपूर्वक वाचा' म्हणतो, क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटवतो, आणि म्हणून 'यू मस्ट रीड केअरफुली द लेटर' लिहितो. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये असा पाहुणा सहसा चालत नाही. 'केअरफुली' शेवटी न्यावे. जागा बदलली की अर्थही हलतो. 'आय रिअली कान्ट से' म्हणजे 'मी खरोखर सांगूच शकत नाही'. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे 'तसे नीटसे सांगता येत नाही'. आपण हे काम 'च' इकडून तिकडे हलवून करतो.

काही जोड्या तर शब्दशः लावूच नयेत. 'मे वेल' यात 'चांगले' काही नाही, संभव मात्र वाढतो. 'माइट अ‍ॅज वेल गो' म्हणजे 'आता गेलेलेच बरे'. आणि 'यू हॅड बेटर कम' हे आपल्या मुख्याध्यापकांस कधी लिहू नये. 'आपण आलात तर बरे होईल' ही विनंती मनात असते, कागदावर उतरते ती 'या, नाहीतर पाहून घ्या' अशी धमकी.

'शॅल' आणि 'विल' यांचा घोळ सांगितल्यावाचून हा विषय संपत नाही. जॉन वॉलिसने १६५३ साली नियम घातला की, नुसते भविष्य सांगताना 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', इतरांपुढे 'विल'. शालेय व्याकरणांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला; बोलणाऱ्या इंग्रजाने तो फारसा कधी पाळला नाही. आज 'शॅल' मुख्यतः कायद्यात राहिला आहे आणि तेथे तो भविष्य सांगत नाही, बंधन घालतो. तरी तेथेही नुसत्या शब्दावर विसंबून चालत नाही. १८८० साली ऑक्सफर्डच्या बिशपच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'इट शॅल बी लॉफुल' हे शब्द आले. ते केवळ अधिकार देतात. मात्र परिस्थितीच अशी असू शकते की तो अधिकार वापरणे कर्तव्य होऊन बसते, असे न्यायाधीशांनी सांगितले.

आपल्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात हा 'शॅल बी' आहे आणि मराठी पाठात तेथे 'असेल' आहे. घरच्या बोलण्यात 'असेल' म्हणजे अंदाज: 'तो बाजारात असेल'. कायद्याच्या मराठीत मात्र त्याच रूपाने ठाम विधान करायचे ठरले आहे. 'मे'साठी तेथे 'करता येईल' किंवा 'करू शकेल' योजतात. म्हणजे त्या तरुणाचे पत्र कायद्याच्या मराठीत उतरवले असते, तर 'उमेदवाराला मूळ प्रमाणपत्रे आणता येतील' असे झाले असते, आणि तो नकलाच घेऊन गेला असता.